गाडीत मांजर ओरडतं, लाळ गाळतं, ओकतं, बॉक्समध्ये घाण करतं: कारण कसं शोधायचं

पुण्याहून चिपळूणला निघालात. सोसायटीच्या गेटबाहेर पडायच्या आत मागून रडगाणं सुरू. कात्रजचा बोगदा येईपर्यंत बॉक्समधला टॉवेल ओला. उंब्रजला महामार्ग सोडून पाटणकडे वळल्यावर जरा शांतता, आणि कुंभार्ली घाटाच्या पहिल्या दोन-तीन वळणांतच ओकारी. पुढच्या खेपेला कुणीतरी सुचवलं म्हणून उलटीची गोळी दिली जाते, त्याच्या पुढच्या खेपेला मांजर उपाशी ठेवलं जातं, मग नवा बॉक्स येतो. तक्रार जिथल्या तिथे.

कारण ही एक तक्रार नाहीच. गेटपाशी ओरडणं, बोगद्यापाशी शू होणं आणि घाटात ओकणं, तिन्हींची कारणं वेगळी असू शकतात. उलटीचं औषध भीतीवर चालत नाही, भीतीचं औषध गाडी लागण्यावर चालत नाही, आणि उकाड्याने धापा टाकणाऱ्या मांजराला गुंगीचं काही दिलं तर धोका वाढतो. म्हणून औषधाच्या आधी घड्याळ बघायचं: कोणतं लक्षण नेमकं कधी सुरू झालं?

आधी तपासणी, मग उपाय

प्रवासाला निदान तीन-चार आठवडे असताना हे करून बघा. प्रत्येक टप्पा वेगळ्या दिवशी, आणि फोनचा कॅमेरा बॉक्सच्या दाराकडे लावून.

पहिल्या दिवशी घरातच मांजर बॉक्समध्ये ठेवून दार दहा मिनिटं बंद. दुसऱ्या वेळी बॉक्स पार्किंगमध्ये नेऊन गाडीत ठेवायचा, इंजिन बंद, दहा मिनिटं. तिसऱ्या वेळी इंजिन आणि एसी चालू, गाडी जागेवरच. चौथ्या वेळी पंधरा-वीस मिनिटं सरळ, गुळगुळीत रस्त्याने फेरी. पाचव्या वेळी तेवढाच वेळ, पण वळणं आणि स्पीडब्रेकर असलेला रस्ता. मेमधे नको, आणि दुपारी तर कधीच नको.

घरातच ओरडायला लागलं तर दोष बॉक्सचा, गाडीचा त्यात काही संबंध नाही. बॉक्समध्ये निवांत आणि गाडीत ठेवताच कावरंबावरं झालं तर गाडीचा वास किंवा गाडीची जुनी आठवण. बहुतेक मांजरांनी गाडी पाहिलेली असते ती फक्त डॉक्टरांकडे जाताना, तेव्हा हे साहजिक आहे. इंजिन सुरू झाल्यावर बिथरलं तर आवाज आणि कंप. पहिले तीन टप्पे शांततेत पार पडले, गाडी निघाल्यावर काही मिनिटांत जीभ ओठांवरून फिरायला लागली, वारंवार घोट गिळले जायला लागले, मग लाळ, मग ओकारी, तर त्याला सरळ सरळ गाडी लागते आहे.

लाळ मात्र फसवते. भीतीनेही लाळ गळते आणि मळमळीनेही. फरक वेळेचा: गाडी हलायच्या आधी लाळ आली तर ती भीतीची. आणखी एक गुंता असा की आधी दोन-चारदा ओकलेलं मांजर पुढे गाडी बघूनच लाळ गाळायला लागतं. तिथे दोन्ही कारणं एकत्र असतात आणि दोन्हींवर काम करावं लागतं.

बॉक्स

निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात, म्हणून इथे घाई नको.

चार-पाच किलोच्या मांजराला साधारण ५० सेंटिमीटर लांब, ३२ सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच उंच बॉक्स लागतो. उभं राहता यावं, वळता यावं, आडवं होता यावं. याहून फार मोठा घेतला तर प्रत्येक ब्रेकला मांजर आत घसरतं. कडक प्लॅस्टिकचा, वरचा भाग निघणारा आणि वरूनही दार असलेला बॉक्स सगळ्यात सोयीचा. घाबरलेल्या मांजराला समोरच्या छोट्या दारातून कोंबण्यापेक्षा वरून उतरवणं कितीतरी सोपं.

स्वस्त बॉक्सच्या बाजूच्या प्लॅस्टिकच्या कड्या हा नेहमीचा कच्चा दुवा. हँडलने उचललं की कडी सटकते, वरचा भाग हातात राहतो आणि तळ मांजरासकट खाली. चारही कोपऱ्यांवर केबल टाय मारा आणि एक छोटं कटर गाडीत ठेवा. कापडी बॅगेच्या चेन मांजर नखाने सरकवतं. दोन्ही चेनच्या टोकांत एक छोटा हुक किंवा मजबूत सेफ्टी पिन अडकवली की काम भागतं. पारदर्शक घुमट असलेली पाठीवरची बॅग फोटोला छान दिसते, पण तिच्यात हवा कमी खेळते आणि उन्हात ती तापते. घरापासून दवाखान्यापर्यंत ठीक, लांबच्या रस्त्याला अजिबात घेऊ नये.

आता सवय. बॉक्स माळ्यावरून फक्त प्रवासाच्या दिवशी खाली येत असेल तर मांजर त्याला बघताच पलंगाखाली जाणार. तो बारा महिने बाहेर ठेवा. सुरुवातीला वरचा भाग आणि दार काढून नुसता तळ बैठकीच्या खोलीत एका कोपऱ्यात ठेवायचा, त्यात मांजर ज्यावर एरवी झोपतं तो न धुतलेला टॉवेल. जेवण तळाशेजारी, दोन-तीन दिवसांनी तळात. आपण होऊन आत बसायला लागलं की वरचा भाग चढवायचा. मग दार बसवायचं, पण उघडं ठेवून. मग दहा सेकंद बंद, एक मिनिट, पाच मिनिटं. मग उचलून खोलीत एक चक्कर, मग जिन्यापर्यंत, मग गाडीपर्यंत. प्रत्येक पायरीला दोन-तीन दिवस. मांजराने एखाद्या पायरीवर खाणं सोडलं तर ती पायरी लवकर आली. एक मागे जा. बक्षीस म्हणून मीठ, कांदा, लसूण न घातलेलं उकडलेलं चिकन किंवा काटे काढलेला बांगड्याचा तुकडा. सुकट आवडते खरी, पण ती खारट. चिमूटभर पुरे, तीही प्रवासाच्या दिवशी नको, कारण पुढे तहान लागते.

उचलताना बॉक्स हँडलला धरून झुलवत नेऊ नका. दोन्ही हात तळाखाली घालून, छातीशी धरून न्या. तिसऱ्या मजल्यावरून पार्किंगपर्यंत हेलकावे खात आलेलं मांजर गाडीत बसण्याआधीच अर्धं हरलेलं असतं.

गाडीत बॉक्स कुठे

पुढच्या सीटच्या मागे, पायाशी. मागच्या चाकांच्या वरच्या भागाला आणि डिकीला जेवढे हिसके बसतात तेवढे मधल्या भागाला बसत नाहीत, शिवाय अचानक ब्रेक लागला तर बॉक्स पुढे उडायला जागा उरत नाही. बॉक्स तिथे मावत नसेल तर मागच्या सीटवर आडवा ठेवून पट्ट्याने असा बांधा की हाताने ओढला तरी हलणार नाही. पट्टा नुसता हँडलमधून ओवणं पुरेसं नाही, जोराचा धक्का बसल्यावर हँडलच उखडतं. पट्टा बॉक्सच्या अंगावरून गेला पाहिजे. पुढच्या सीटवर एअरबॅगसमोर बॉक्स कधीही नको. आणि मांडीवर मांजर तर नाहीच. घाबरलेलं मांजर ब्रेकच्या पेडलखाली शिरतं.

पायाशी ठेवण्यात एक अडचण येते. बऱ्याच गाड्यांत मागच्या प्रवाशांसाठी पुढच्या सीटखालून हवा सोडलेली असते, ती थेट बॉक्सवर येते. निघण्यापूर्वी तिथे हात धरून बघा. जुन्या गाड्यांत तळ तापतो, तोही हाताने तपासा आणि गरज असेल तर खाली घडी घातलेली सतरंजी घाला.

बॉक्सच्या तीन बाजू पातळ सुती ओढणीने झाका, एक मोकळी ठेवा. बाहेरची पळती दृश्यं थांबली की बरीच मांजरं गप्प होतात. जाड चादर नको, हवा अडते. एसीच्या जाळीला अडकवलेलं अत्तर आणि डॅशबोर्डवरची सुगंधी डबी दोन दिवस आधीच काढून टाका. आपल्याला मंद वाटणारा लिंबाचा वास बंद गाडीत मांजराच्या नाकाला असह्य होतो, आणि मळमळ होतच असेल तर तो वास ती वाढवतो.

गाडी लागत असेल तर

आतला कान सांगतो की शरीर हलतंय, डोळ्यांना मात्र बॉक्सची भिंत स्थिर दिसते. हा मेळ बसत नाही आणि मेंदूतल्या उलटीच्या केंद्रापर्यंत निरोप जातो. माणसाचं जे होतं तेच.

पोट पूर्ण रिकामंही नको आणि भरलेलंही नको. निघण्याच्या चार ते सहा तास आधी शेवटचं जेवण, नेहमीच्या निम्मं. पाणी निघेपर्यंत चालू. पहाटे पाचला निघायचं असेल तर रात्री अकराला थोडं खायला दिलं की झालं. लहान पिल्लं आणि इन्सुलिनवर असलेली मांजरं याला अपवाद. त्यांना उपाशी ठेवायचं का आणि किती, हे डॉक्टरच ठरवतील.

चालवणाऱ्याचाही वाटा मोठा आहे. घाटात वळणाच्या आत ब्रेक मारण्याऐवजी वळणाआधी वेग उतरवा, उताराला खालचा गिअर ठेवा, ओव्हरटेकचा सोस सोडा. कुंभार्ली, आंबा, ताम्हिणी, वरंध यांपैकी कुठूनही उतरलात तरी घाट संपल्यावर दहा-पंधरा मिनिटं सपाटीवर गाडी थांबवली तर मळमळ बरीच बसते. मुंबईहून गोवा महामार्गाने जाणाऱ्यांना कशेडीच्या बोगद्यामुळे निदान एक नागमोडी टप्पा टळतो.

औषधाचं म्हणाल तर घरात असलेली अवोमिनची पट्टी तशीच राहू द्या. तिच्यातलं प्रोमेथाझिन अँटिहिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीवरच्या औषधांच्या, वर्गातलं आहे, आणि गाडी लागण्यावर या वर्गाची औषधं माणसात आणि कुत्र्यात जशी चालतात तशी मांजरात भरवशाची नाहीत. पोट बिघडल्यावर देतात त्या ऑन्डान्सेट्रॉनचाही गाडी लागण्यावर फारसा उपयोग होत नाही. मांजरासाठी डॉक्टर सहसा मॅरोपिटंट निवडतात. प्रमाण किलोला १ मिलिग्रॅम, २४ तासांत एकदा. त्याची सर्वांत छोटी गोळी १६ मिलिग्रॅमची असते, म्हणजे चार किलोच्या मांजराला पाव गोळी. गोळी मुळात कुत्र्यांसाठी काढलेली आहे, मांजराला ती डॉक्टर आपल्या निर्णयाने देतात. म्हणून वजन करून, लिहून घेऊनच. निघण्याच्या सुमारे दोन तास आधी, बोटभर ओल्या खाण्यात घालून द्यायची. अगदी रिकाम्या पोटी दिली तर ती स्वतःच बाहेर पडू शकते.

आणि पॅरासिटामॉल कोणत्याही कारणासाठी नाही. मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही. एक गोळीही जीव घेऊ शकते.

भीती असेल तर

सवय लावायला वेळ उरला नसेल किंवा लावूनही ओरडणं थांबत नसेल, तर गॅबापेंटिनबद्दल डॉक्टरांना विचारा. मोठ्या मांजराला साधारणपणे ५० ते १०० मिलिग्रॅम, निघण्याच्या दीड ते तीन तास आधी, असं ते देतात. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या मांजराला प्रमाण कमी करावं लागतं, तेव्हा म्हाताऱ्या मांजराची रक्ततपासणी आधी.

औषधाच्या दुकानात इथे हमखास चूक होते. आपल्याकडे गॅबापेंटिनच्या कितीतरी गोळ्या नॉरट्रिप्टिलिन किंवा मिथाइलकोबालामिन मिसळून येतात, कारण त्या माणसांच्या नसांच्या दुखण्यासाठी असतात. दुकानदार चांगल्या मनाने "तेच आहे" म्हणून मिश्र गोळी हातात ठेवतो. पट्टीवर फक्त गॅबापेंटिन १०० मिलिग्रॅम एवढंच लिहिलेलं असेल तीच कॅप्सूल घ्या, बाकी काही नको. ३०० मिलिग्रॅमची कॅप्सूल उघडून अंदाजाने तिसरा हिस्सा करण्याच्याही भानगडीत पडू नका.

पूड कडू असते. अर्ध्या चमचा माशाच्या पेस्टमध्ये नीट मिसळली तर बहुतेक मांजरं खातात. कॅप्सूल न उघडता घशात टाकली तर पाठोपाठ थोडं पाणी सिरिंजने द्या, नाहीतर ती अन्ननलिकेत चिकटून राहते.

प्रवासाच्या आठवडाभर आधी सुट्टीच्या दिवशी एक डोस घरी देऊन बघा. काही मांजरं नुसती सुस्तावतात, काहींचे मागचे पाय लटपटतात, एखादं उलट जास्त बावरतं. कधी असर सुरू झाला, किती तास टिकला, हे लिहून ठेवा. त्यावरून खऱ्या दिवशीची वेळ ठरते. लटपटत असताना कपाटावर किंवा गॅलरीत जाऊ देऊ नका. जुन्या सवयीने अजूनही कुणी ॲसिप्रोमाझिन हे गुंगीचं औषध सुचवतं. त्याने मांजर निपचित दिसतं पण आतली भीती तशीच राहते, शिवाय रक्तदाब उतरतो. गाडीच्या प्रवासासाठी ते न घेतलेलं बरं.

मांजरांच्या गालाच्या गंधाची नक्कल करणारे स्प्रे मिळतात. मारायचे असतील तर निघण्याच्या १५ मिनिटं आधी, रिकाम्या बॉक्समधल्या टॉवेलवर, म्हणजे त्यातलं अल्कोहोल उडून जातं. मांजर आत असताना कधीही नाही. काहींना थोडा फरक पडतो. पण सवय न लावता फक्त स्प्रेवर विसंबलात तर पैसे वाया जातील.

शू आणि शी

निघाल्यावर दहा मिनिटांत शी झाली तर ती भीतीची. चार-पाच तासांनी शू झाली तर तुंबलेलं मूत्राशय. दोन्हींवर एक साधा उपाय आधी करा: जाण्याच्या दिवशी दोन तास लवकर उठा, मांजराचा शू-शीचा ट्रे स्वच्छ करा, मांजराला खेळवा. धावपळ झाली की बरीच मांजरं ट्रेकडे वळतात. बॉक्स, सामान, बॅगा हे सगळं त्यानंतर बाहेर काढा. बॅगा बघून घाबरलेलं मांजर ट्रेमध्ये जात नाही आणि मग तेच गाडीत निघतं.

बॉक्सच्या तळाला ओल शोषणाऱ्या पी पॅडचे तीन थर, शोषणारी बाजू वर, आणि सगळ्यात वर पातळ टॉवेल. घाण झाली की टॉवेल आणि वरचा पॅड एकत्र गुंडाळून पिशवीत, खालचा थर तयार. सहा तासांच्या रस्त्याला सहा पॅड, चार टॉवेल, घट्ट बंद होणाऱ्या पिशव्या आणि ओले पुसणे (वेट वाइप्स) एवढं पुरतं. पुसणे बिनवासाचे घ्या.

धडधाकट मोठं मांजर सहा-आठ तास सहज थांबतं. तासातासाला ट्रे पुढे करण्यात अर्थ नाही, त्याने ते अधिकच बिथरतं. आठ तासांपुढच्या रस्त्याला मात्र बॉक्सऐवजी लहान कुत्र्यांसाठीचा घडीचा जाळीचा पिंजरा बघा. ६१ सेंटिमीटर लांबीचा पिंजरा बहुतेक गाड्यांच्या मागच्या सीटवर आडवा बसतो आणि त्यात एका टोकाला छोटा ट्रे मावतो. ट्रेमध्ये घरचंच लिटर, म्हणजे ट्रेमधली वाळू, नवं ब्रँड या दिवशी नको.

गाडीच्या सीटवर शू झाली तर फिनाईल आणि डेटॉल लांब ठेवा. त्यांतले फिनॉल वर्गाचे पदार्थ मांजराला विषारी आहेत आणि ते पंजे चाटून पोटात जातात. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसा, घरी आल्यावर एन्झाइमवालं क्लीनर वापरा. वास राहिला तर पुढच्या वेळी तिथेच होणार.

बोक्याच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आणि तातडीची. तो वारंवार बसतो, जोर करतो, ओरडतो, थेंबथेंबच येते किंवा काहीच येत नाही, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. २४ तासांत जिवावर बेतू शकतं. सकाळपर्यंत थांबू नका, आणि छोट्या गावच्या दवाखान्यात कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, आहे का हे आधी फोनवर विचारा. बहुतेक ठिकाणी कामाचा रोख गाई-म्हशींवर असतो. पुणे-सातारा रस्त्यावर असाल तर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मुंबईत परळला.

तोंड उघडून धापा

कुत्र्याने जीभ काढली तर काही नाही, मांजराने काढली तर गाडी थांबवायची. भीतीने दोन-चार मिनिटं धाप लागू शकते. एसी २४ अंशांच्या आसपास करा, ओढणी काढा, गाणी बंद, बोलणं बंद. पाच-दहा मिनिटांत श्वास खाली आला नाही, हिरड्या फिक्या किंवा निळसर दिसल्या, मांजर लोळागोळा झालं, तर जवळचा दवाखाना गाठा. उष्माघाताचा संशय असेल तर पंजे, पोट, कानांच्या कडा साध्या पाण्याने ओल्या करून एसीचा झोत द्या. बर्फ किंवा फ्रिजमधलं पाणी नको, त्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते.

बंद गाडीचा हिशेब सगळ्यांना ठाऊक असतो आणि चहाच्या टपरीवर सगळे विसरतात. बाहेर ३२ अंश असताना बंद गाडी दहा मिनिटांत ४३ च्या घरात जाते. काच चार बोटं खाली केल्याने फरक पडत नाही. एका माणसाने गाडीत, एसी चालू ठेवून बसायचं, बाकीच्यांनी मिसळ खाऊन यायची, मग अदलाबदल. पर्शियनसारखी चपट्या नाकाची मांजरं असतील तर एप्रिल-मेमध्ये पहाटे निघून दहाच्या आत पोचा, नाहीतर जाऊच नका.

थंड गाडीत, दहा मिनिटांच्या फेरीतही दर वेळी धाप लागत असेल तर ती सवयीची बाब समजू नका. मांजराचा हृदयविकार बाहेरून दिसत नाही. प्रवास रद्द करून आधी हृदयाची सोनोग्राफी.

आत्ता रस्त्यातच असाल तर

हे सगळं आधी करायला हवं होतं, पण तुम्ही खेड-शिवापूरच्या टोलवर आहात आणि मागे भोंगा चालू आहे. मांजर बाहेर काढू नका. टोलनाक्यावर काच खाली, डिझेलचा धूर, विक्रेत्यांची हाक, अशा वेळी सुटलेलं मांजर परत मिळणं अवघड. एसीचा झोत बॉक्सवर येत नाही ना ते बघा, तीन बाजू झाका, संगीत बंद करा. "बाळा, आलंच हं" असं दर मिनिटाला म्हणण्याने ओरडणं वाढतं. आवाजाला आवाज मिळतो. गप्प राहून अर्धा तास द्या. कंटाळून गप्प बसणारी मांजरं बरीच आहेत.

दार उघडण्याचा एकच नियम: बॉक्स उघडायचा असेल तर गाडीची सगळी दारं-काचा बंद, आणि गाडीचं दार उघडायचं असेल तर बॉक्स बंद. सोबत पोरं असतील तर हे निघण्याआधी दोनदा सांगा. हार्नेस बॉक्समध्येही घालून ठेवलेला बरा, पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढाच सैल. तरीही मांजर मागे सरकून त्यातून निसटू शकतं, तेव्हा ढाब्याच्या आवारात फिरवण्याची हौस नको. गळपट्टीवर फोन नंबर, शक्य असेल तर मायक्रोचिप.

कागद थोडेच. १९७८च्या प्राणी वाहतूक नियमांत कुत्र्या-मांजरांसाठी पशुवैद्याच्या आरोग्य दाखल्याची अट आहे. रस्त्यात सहसा कुणी विचारत नाही, हॉटेलवाले रेबीजच्या लसीचं कार्ड मात्र मागतात. दोन्हींचे फोटो फोनमध्ये ठेवा.

पोचल्यावर खात नाही, दिसत नाही

घर दाखवायला घेऊन हिंडू नका. एक खोली, एक कोपरा, तिथे ट्रे, दुसऱ्या कोपऱ्यात पाणी, आणि बॉक्स दार उघडून तसाच. त्याला वाटेल तेव्हा बाहेर येईल. कौलारू घर असेल तर खोली निवडताना मान वर करून बघा. भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये फट असली की मांजर आढ्यावर चढतं, तिथून माळ्यावर, आणि मग दोन दिवस खाली येत नाही. माळा नसलेली, स्लॅबची खोली किंवा न्हाणीघर पहिल्या रात्रीसाठी उत्तम. गणपतीत गेलात तर आरतीच्या झांजा आणि फटाके यांपासून सगळ्यात लांबची खोली मागून घ्या; पाहुण्यांना दार उघडू नका म्हणून दारावर चिठ्ठी लावा, कारण सांगितलेलं कुणाच्याच लक्षात राहत नाही.

यजमानांना दोन प्रश्न विचारायचे. उंदरांचं औषध कुठे ठेवलंय? आणि गोठ्यात गोचिडांवर काही फवारलंय का? कुत्र्यांसाठीचं गोचीड-पिसवांवरचं परमेथ्रिनचं औषध मांजराला जीवघेणं ठरतं, अंगावर थेंब टाकलेल्या कुत्र्याला बिलगून झोपल्यानेही विषबाधा होते. गोठ्यात वापरतात ते डेल्टामेथ्रिन त्याच वर्गातलं.

पहिल्या दिवशी न खाणं नेहमीचंच. चार किलोच्या मांजराला दिवसाला खाण्यासकट साधारण २०० मिलिलिटर पाणी लागतं, तेव्हा ओलं खाणं कोमट करून, वरून बिनमिठाचं चिकनचं पाणी घालून द्या. पूर्ण २४ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन, ४८ तासांची वाट नको. जाड मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साठते आणि ते यकृत निकामी करू शकतं.

परत निघण्याच्या दिवशी मांजर बॉक्समध्ये जाणार नाही, हे धरूनच चला. आदल्या रात्रीच त्याला त्या एका खोलीत घ्या, पलंगाखालची जागा उशा-गाद्यांनी बुजवा, गॅबापेंटिन ठरवलेलं असेल तर त्याच खोलीत, त्याच हिशेबाने द्या. सकाळी पकडायचं तर मोठा टॉवेल अंगावरून टाकून चारही पाय आत गुंडाळा आणि वरच्या दारातून, मागचा भाग आधी, असं टॉवेलसकट आत सोडा. टॉवेल लगेच ओढून काढू नका. दार लागल्यावर ते स्वतःच त्यातून बाहेर येतं.